खुर्ची मिळाली, शब्द कुणाचा?

(भिवंडी येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



काल वस्तीत फिरताना एका बाईंना मी विचारलं, 'तुमचे नगरसेवक कोण?' त्यांनी चटकन एका पुरुषाचं नाव घेतलं. शेजारीण म्हणाली, 'अगं, निवडून त्यांची बायको आली होती ना!' सगळ्या हसल्या. मीही हसले. आजचा विषय त्या हसण्यातच आहे.

माक्स वेबर या समाजशास्त्रज्ञानं एक फरक सांगितला. दुसऱ्याची इच्छा नसतानाही आपलं म्हणणं त्याच्यावर लादता येणं, ही सत्ता. पण हुकूम रास्त आहे असं मानून लोक तो आपणहून पाळतात, तेव्हा ती अधिसत्ता होते. ही मान्यता कधी परंपरेतून येते, कधी एखाद्या व्यक्तीच्या प्रभावातून, कधी कायद्यातून. सासऱ्यांचा शब्द परंपरेनं चालतो. नगरसेविकेचा कायद्यानं चालायला हवा. दोन्ही एकाच घरात समोरासमोर आले की बहुतेक वेळा माघार कोण घेतं, ते तुम्ही जाणता.

कायद्यानं आपल्याला खुर्ची दिली. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीनं नागरी संस्थांत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. २०११ साली महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. पण शब्दाला वजन कायदा देत नाही. ते कुठून येतं?

याचं उत्तर भिवंडीनंच दिलं आहे. १९७० आणि १९८४ साली हे शहर दंगलींत होरपळलं. पोलीस म्हणजे संचारबंदी आणि लाठी, एवढीच ओळख उरली होती. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकारानं मोहल्ला समित्या झाल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलिसांच्या हातातली लाठी तीच होती. पण आता त्यांना समोर बसून प्रश्न विचारता येत होता. अधिसत्ता अशी रोजच्या बैठकीतून घडते.

मात्र बैठक म्हटली की बोलावणं कुणाला जातं? 'प्रतिष्ठितांना'. ज्याचे माग, ज्याचं दुकान, ज्याच्या नावावर घर, तो प्रतिष्ठित. कारखान्यात कांड्या भरणारी बाई, माग कामगारांना दोन वेळा जेवू घालणारी खानावळवाली, यांच्याशिवाय हे शहर एक दिवस चालणार नाही. तरी त्यांना कुणी प्रतिष्ठित म्हणत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी हाच धोका दाखवला होता: राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. एका मताला एक मूल्य मिळालं. एका बाईच्या शब्दाला अजून मिळायचं आहे.

म्हणून एवढं करूया. नळाच्या पाण्याचा, गटाराचा अर्ज घेऊन जाल तेव्हा पाचजणी मिळून जा. 'साहेब बाहेर गेलेत' असं सांगितलं, तर म्हणा, 'आम्ही बाईंना भेटायला आलोय.' अर्ज तिच्याच हातात द्या. उत्तर तिलाच विचारा. चुकली तर जाबही तिलाच विचारा. जाब विचारणं म्हणजे तिची सत्ता मान्य करणं.

आणि परत आल्यावर आपल्या संघटनेतही बघा: दर बैठकीला कोण बोलतं आणि सतरंज्या कोण उचलतं?