आधी होडी, मग शहर



मागच्या वर्षी मी दादरमध्ये भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरलं. नाव सांगितलं आणि एजंट म्हणाला, "सोसायटीत चालणार नाही." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पगाराचे कागद तयार, मराठी त्याच्यासारखीच. आधी राग आला. मग प्रश्न पडला: माणसांना दारातून परत पाठवून शहरं वाढली कशी असती?

उत्तर आपल्याच किनाऱ्यावर सापडलं. इ.स. 916 च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला. राज्य राष्ट्रकूटांचं. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहिलं आहे. काही ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले.

डहाणूजवळच्या चिंचणीला 926 सालचा एक संस्कृत ताम्रपट मिळाला. त्यानुसार संजाण बंदराचा कारभार राष्ट्रकूट राजाने मधुमती नावाच्या ताजिकाकडे दिला होता. अरबांना तेव्हा ताजिक म्हणत. मधुमती हे मुहम्मदचंच रूप, असं अभ्यासक मानतात. या माणसाने नदी ओलांडायला फुकट होडी ठेवली. वाटसरूंना भात, कालवण, तूप मिळेल असं अन्नछत्र काढलं. देवीच्या मठाला जमीनही दिली.

यात धर्मकार्य होतं, तसा हिशोबही होता. बंदराला खलाशी लागतात, हमाल लागतात, आसपासच्या गावांचं धान्य लागतं. पलीकडचा माणूस सहज अलीकडे आला, तरच बाजार भरतो आणि गावाचं शहर होतं.

पारशांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज याच संजाणला उतरले. पुढे 1845 मध्ये माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता झाला, तो लेडी जमशेटजी या पारशी बाईंच्या पैशातून. ज्यांना किनाऱ्याने उतरू दिलं, त्यांच्यातल्याच एकीने मुंबईला वाट करून दिली. दादर-माहीमच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. मला नकार मिळाला तो त्याच रस्त्यालगत.

पण बोट फक्त दुसऱ्यांकडे दाखवून भागणार नाही. आपल्या मोहल्ल्यात एकट्या राहणाऱ्या मुलीला खोली मिळते का? दुसऱ्या जमातीच्या, दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाला? अब्बांच्या इमारतीच्या कमिटीला मी हे लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्हीही आपापल्या इमारतीत विचारा.