जुने वस्त्र आणि मनाचे स्वास्थ्य



वस्त्राचा विषय बुलढाणा जिल्ह्याला परका नाही. एकोणिसाव्या शतकात खामगावच्या कापूस बाजाराचा लौकिक एवढा वाढला की 1870 मध्ये त्या एका गावासाठी जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकण्यात आला. कापूस पिकविणाऱ्या आणि कापड विकणाऱ्या या भूमीत वापरलेल्या कपड्यांच्या खरेदीची भलामण करणे काहींना धंद्याच्या मुळावर घाव घालण्यासारखे वाटेल. वाटो बापडे! गरजेपोटी घेतलेल्या कापडावर दुकान सुखाने चालते. उधारीच्या वहीत अडकणारे कापड बहुधा ईर्षेपोटी घेतलेले असते, हे कोणताही जुना दुकानदार खासगीत मान्य करील.

त्याच खामगावची रजतनगरी म्हणूनही ख्याती आहे. सराफाच्या पेढीवर जुन्या दागिन्याची मोड घेतली-दिली जाते, तेव्हा कोणाची मान खाली जात नाही. मग ‘दुसऱ्याने वापरलेले’ म्हणताच कापडाच्याच बाबतीत चेहरा का उतरतो? चांदी वितळते, कापड मात्र परक्याच्या अंगाला लागलेले असते, हा आक्षेप खरा. परंतु त्याला साबण, कडक पाणी आणि ऊन एवढे उत्तर पुरेसे आहे. शिवाय घरात बाळ जन्मले की आपण काय करतो? आजीच्या लुगड्याचे दुपटे आणि थोरल्या भावंडाचे झबले बाहेर काढतो, कारण नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला बोचते. त्या वेळी जुनेपणाची लाज कोणालाच वाटत नाही. ती पुढे शेजाऱ्याच्या डोळ्यांतून आपल्यात येते.

फ्रेंच विचारवंत दिदेरो यांनी 1769 मध्ये आपल्या जुन्या घरगुती झग्याच्या विरहावर एक निबंध लिहिला. नवा भारी झगा आला आणि त्याच्यापुढे खुर्ची, मेज, भिंतीवरची चित्रे सारीच ओंगळ दिसू लागली; एकेक बदलता बदलता घर सजले, परंतु घरधनी त्या झग्याचा दास झाला. पुढे 1971 मध्ये ब्रिकमन आणि कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी असा विचार मांडला की नव्या प्राप्तीला मन लवकर सरावते आणि पुन्हा पूर्वीच्याच जागी येऊन ठेपते. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ ग्रंथात याची दुसरी बाजू दिसते. जे एकदाच भोगले जाते तो भोग, जे पुन्हा पुन्हा भोगता येते तो उपभोग. आणि उपभोगात वस्त्राची गणना आहे. श्वेतांबर परंपरेतील चौदा नियमांतही रोजच्या वस्त्रांची मर्यादा ठरविली जाते. आपण मात्र लग्नाचा शालू एकदा नेसून ट्रंकेत ठेवतो आणि उपभोगाच्या वस्तूला भोगाची करून टाकतो. घडी वर्षानुवर्षे मोडली नाही, तर त्या रेषेवर रेशीम विरते, जर काळवंडते. तोच शालू धाकट्या बहिणीने किंवा जावेने नेसला, तर त्याचे आयुष्य वाढेल आणि एका घराचा खर्चही वाचेल.

आहेराच्या साड्यांची तर गंमतच. त्या घडी न मोडता घरोघर फिरतात. नेसत कोणीच नाही, पैसे मात्र प्रत्येक हंगामात कोणाचे तरी जातात. आणि हा विषय केवळ गमतीचा नाही. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. त्या दुःखाची कारणे पाणी, भाव, कर्ज अशी अनेक. त्यांवर जुने कपडे हा उपाय सांगणे क्रूरपणाचे होईल. ज्याचे मन खचले आहे त्याला डॉक्टरांकडेच नेले पाहिजे. परंतु लेकीच्या लग्नात मानपानाच्या कापडासाठी काढलेली उचल बापाची झोप उडविते, आणि ही एक चिंता समाजाला आपल्या हाताने दूर करता येण्यासारखी आहे.

दिवाळीनंतर आपण कपडे वाटतो. हेतू शुद्ध असतो, तरी गाठोडे स्वीकारणाऱ्याची नजर खाली असते. दिल्लीचे अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये ‘गूंज’ संस्था स्थापन केली, ती हीच गोष्ट ओळखून. गावकरी आपल्याच गावाचे रस्ते, विहिरी, बांध दुरुस्त करतात आणि त्या श्रमाबद्दल शहरातून आलेले कपडे घेतात. या कार्यासाठी गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जुन्या कपड्याच्या खरेदीतही हेच घडते. वीस रुपये मोजणारी आई मुलासाठी रंग निवडते, शिवण ताणून पाहते, घासाघीस करते. ती याचक राहत नाही. सुस्थितीतील साडी निम्म्याहून कमी दामात मिळाल्याचा तिचा आनंद नव्या साडीच्या आनंदाहून उणा नसतो, आणि त्याच्यामागे हप्ता लागत नाही.

अर्थात स्वस्ताईचाही मोह असतो. दहा जुने सदरे आणून कपाट भरणारा परिग्रहच करतो, फक्त कमी पैशांत.

अशी विक्री समाजाच्या एखाद्या सभागृहात महिन्यातून एक दिवस करणे कठीण नाही. कपडे धुतलेले, इस्त्री केलेले, गुंड्या टाकलेले असावेत. फाटके वेगळे काढून गोधडीसाठी द्यावेत. प्रत्येक नगावर किंमत लिहावी. देणाऱ्याचे नाव कोठेही लावू नये. घालून पाहण्यासाठी आडोसा आणि पूर्ण उंचीचा आरसा हवा. विक्रीला बसणाऱ्या कार्यकर्त्याने मोठ्या दुकानात म्हणतात तसे प्रत्येकाला ‘या, बसा, काय दाखवू?’ असे विचारावे.