चांद्याची पाचवी वेस

गोंड राजांनी बांधलेल्या चांदा शहराच्या परकोटाला चार वेशी आहेत: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शत्रू कोणत्या दिशेने येईल, बैलगाड्यांचा तांडा कोणत्या वाटेने उतरेल, पावसाळ्यात नदीचे पाणी कोठवर चढेल, या सर्वांचा विचार करूनच त्या काळच्या स्थपतीला वेशीची जागा ठरवावी लागे. वेस चुकीच्या जागी बांधली तर गावाचा व्यापारही बुडे आणि संरक्षणही. आज चंद्रपूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराला गेली कित्येक वर्षे पाचव्या वेशीचा शोध आहे. ही वेस आकाशात उघडणारी आहे. परंतु तिची जागा ठरविण्याचा प्रश्न जुन्या चार वेशींइतकाच जमिनीवरचा आहे.

विमानतळ म्हटला म्हणजे सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढे काचेची भव्य इमारत उभी राहते. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने मात्र इमारत ही शेवटची बाब होय. विमानतळाचे मोल त्याच्या स्थानावर आणि वेळापत्रकावर अवलंबून असते. याचे उत्तम उदाहरण विदर्भातच आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चारही शहरांतून टपालाच्या थैल्या घेऊन विमाने निघत, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोचे. ही व्यवस्था दोन दशकांहून अधिक काळ चालली. सोनेगावला तेव्हा राजवाड्यासारखी इमारत नव्हती. देशाच्या मध्यभागी असण्याचे भाग्य आणि घड्याळाच्या काट्यावर चालणारी माणसे एवढेच त्याचे भांडवल होते.

चंद्रपूरजवळ मोरवा येथे एक धावपट्टी पूर्वीपासून आहे. लहान विमाने तेथे उतरू शकतात. मग तीच वाढवून प्रवासी विमाने का आणू नयेत, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर चंद्रपूरच्या उन्हाळ्यात आणि चंद्रपूरच्या धुराड्यांत आहे.

प्रथम उन्हाळ्याकडे पाहू. विमान आपल्या पंखांखालून वाहणाऱ्या हवेच्या आधाराने उचलले जाते. हवा तापली की ती विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि यंत्राचा जोरही घटतो. त्यामुळे तेवढाच भार उचलण्यास विमानाला अधिक वेग, आणि तो वेग गाठण्यास अधिक लांब धावपट्टी लागते. आंतरराष्ट्रीय संकेताचा ढोबळ हिशेब असा: समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला धावपट्टी शेकडा ७ ने वाढवावी, आणि त्या उंचीच्या प्रमाणित तपमानाहून जेवढे अंश अधिक उष्णता असेल, तेवढे टक्के आणखी वाढवावी. आता सत्तर माणसे नेणारे पंख्याचे विमान घ्या. समुद्रकाठी, १५ अंश तपमानात, पूर्ण भारासह त्यास सुमारे १,३०० मीटर धावपट्टी पुरते. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंच आहे. उंचीपोटी ही लांबी १,३५८ मीटरांच्या आसपास जाते. या उंचीवरचे प्रमाणित तपमान १४ अंशांच्या जवळपास. मे महिन्यातील दुपारचे सरासरी तपमान ४३ अंश धरले तर फरक २९ अंशांचा. म्हणजे लांबी १,७५० मीटरांवर गेली. जेथे समुद्रकाठच्या गावाला १,३०० मीटरांत भागते, तेथे चंद्रपूरला केवळ उन्हापोटी आणि थोड्या उंचीपोटी आणखी साडेचारशे मीटर जमीन द्यावी लागते. अमरावतीजवळ बेलोरा येथे १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली, तेथील धावपट्टी १,८५० मीटरांची आहे. हा आकडा हौसेने ठरलेला नाही, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

आता धुराडी. विमान धावपट्टीवर थेट वरून पडत नाही. ते कित्येक कोसांवरून हळूहळू उतरत येते. म्हणून मोठ्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढील आकाश मोकळे ठेवावे लागते. नियम असा की उपकरणांच्या साहाय्याने उतरावयाचे असल्यास पहिल्या ३,००० मीटरांत दर ५० मीटर अंतराला अडथळ्याची उंची १ मीटरहून अधिक वाढता कामा नये; म्हणजे तीन किलोमीटरांवरदेखील ६० मीटरांहून उंच वस्तू त्या वाटेत चालत नाही. आणि चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत् केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. त्याची उत्तुंग धुराडी दूरवरच्या खेड्यांतूनही दिसतात. ज्या विजेने महाराष्ट्रातील घरे उजळतात, तीच वीज ज्या शहरात निर्माण होते त्या शहराच्या आकाशाला तिने असे कुंपण घातले आहे.

तेव्हा दृष्टी दुसरीकडे वळली. राजुरा तालुक्यात मूर्ती आणि विहीरगाव यांच्या परिसरात नवा विमानतळ बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला. येथे धुराडी नव्हती. परंतु येथे वाघ होता. जागेचा काही भाग वनजमिनीचा, आणि भोवतालचे रान वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे. वन्य प्राण्यांच्या या प्रश्नावर प्रस्ताव अडला. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. परंतु वाघ उद्यानाची सीमा वाचीत नाही. तरुण वाघाला स्वतःचे रान शोधण्यास बाहेर पडावेच लागते, आणि एका अरण्यातून दुसऱ्या अरण्यात जाण्याची त्याची वाट तुटली म्हणजे दोन्ही अरण्ये बेटे होऊन बसतात. विशेष म्हणजे दूरदूरचे प्रवासी विमानाने चंद्रपूरला यावेत अशी इच्छा ज्या कारणांनी धरली जाते, त्यांत ताडोबाचा वाघ हेही एक मोठे कारण आहे. पाहुण्यासाठी अंगण मोठे करताना यजमानाचेच घर पाडावयाचे काय, असा हा पेच आहे.

या पेचात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटरांवर. निष्णात वैद्याकडे तातडीने जाणाऱ्या रोग्याला ते अंतर थोडे नाही. परंतु येथेच आणखी एक विचार मनात यावयास हवा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात भामरागडपाशी पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकमेकींस भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तेथील बाळंतिणीला १,७५० मीटरांच्या धावपट्टीचा काय उपयोग? तिला हवे आहे हेलिकॉप्टर, आणि ते उतरण्यापुरती कोरडी, सपाट, झाडे नसलेली जागा. निवडणुकीच्या दिवसांत दुर्गम केंद्रांवर अधिकारी हेलिकॉप्टरने जातात. ज्या वाटेने मत जाते, त्या वाटेने औषधही जावे. शेजारच्या तेलंगणात सप्टेंबर २०२१ मध्ये विकाराबाद येथे ड्रोनने औषधे व लसी पोचविण्याचे प्रयोग झाले. त्याच्या धावपट्टीसाठी एकही झाड पाडावे लागत नाही.

मोठ्या शहरांत मात्र वेगळेच स्वप्न रंगविले जात आहे. घराच्या गच्चीवरून विजेवर उडणारी लहान विमाने निघतील आणि माणसे रस्त्यावरील गर्दीच्या डोक्यावरून कचेरीत जातील! हे स्वप्न नवे नाही. न्यूयॉर्क शहरात एका गगनचुंबी इमारतीच्या गच्चीवर हेलिकॉप्टरची प्रवासी सेवा चाले. १६ मे १९७७ रोजी उभ्या हेलिकॉप्टरचा पाय मोडला, फिरती पाती तुटली आणि पाच माणसे मेली. त्यांतील एक खालच्या रस्त्याने चालली होती. २०२४ च्या ऑलिंपिकच्या वेळी पॅरिसमध्ये विजेच्या विमानांतून प्रवासी नेण्याचा बेत होता. वेळेवर परवाना न मिळाल्याने तो फसला. विज्ञान थांबणार नाही हे खरे. परंतु गच्चीवरून उडणाऱ्याच्या सोयीबरोबर फुटपाथावरून चालणाऱ्याच्या प्राणांचाही हिशेब संशोधकाला मांडावा लागतो.

धावपट्टी झाली म्हणजे काम संपले, असेही नाही. गोंदियाजवळ बिरसी येथे इंग्रज अमदानीत १९४० च्या सुमारास विमानतळ झाला. तेथून नियमित प्रवासी सेवा सुरू होण्यास २०२२ चा मार्च उजाडावा लागला. ती काही महिन्यांत बंद पडली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा दुसऱ्या कंपनीने धरली. रोज ठरलेल्या वेळी विमान येईल हा भरवसा नसेल, तर व्यापारी आगगाडीचेच तिकीट काढतो आणि रोगी मोटारनेच नागपूर गाठतो.

म्हणून चंद्रपूरच्या पाचव्या वेशीचा विचार करताना एकाच मोठ्या दरवाजाचा हट्ट धरण्याचे कारण नाही. मोरव्याची लहान धावपट्टी वैमानिकांच्या शिक्षणासाठी आणि रुग्णविमानांसाठी नीट राखावी. अरण्यातील तालुक्यांत पुरापासून सुरक्षित अशा हेलिकॉप्टरच्या जागा सिद्ध कराव्यात. आणि मोठ्या विमानतळासाठी अशी जागा धुंडाळावी, की जेथे धुराडे आड येत नाही आणि वाघाची वाट मोडत नाही. अशी जागा शोधण्यास वेळ लागेल. परंतु गोंड राजांच्या परकोटालाही चार मोठ्या वेशींखेरीज पाच लहान खिडक्या होत्या, हे विसरता येत नाही. हत्ती आणि पालख्या वेशीतून जात. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई खिडकीतून आत येई. नगर दोघांचेही होते.