पारपत्र मिळते, आपलेपणा मिळवावा लागतो

(ब्रिटनमधील आशियाई समाजाची वाटचाल या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय सातासमुद्रापलीकडचा असला तरी परका नाही. या सभागृहात असे घर क्वचितच असेल, ज्याचा मुलगा, मुलगी, भाचा किंवा पुतणी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेली नाही. मुलगा सुखरूप पोहोचला, नोकरी लागली, घर घेतले, नागरिकत्व मिळाले, की आपण निश्चिंत होतो. पण नागरिकत्व मिळाले म्हणजे तो समाज आपला झाला काय? त्या देशाने त्याला मनापासून आपला मानले काय? ब्रिटनमधील आशियाई समाजाने हा प्रश्न शतकाहून अधिक काळ सोसला आहे. म्हणून त्याची कहाणी आपण समजून घेतली पाहिजे.

प्रारंभ दादाभाई नौरोजींपासून करू. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवणारे दादाभाई इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि १८८६ साली तेथील संसदेची निवडणूक लढून पराभूत झाले. १८८८ साली पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिंबरो येथील भाषणात त्यांचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा केला आणि अशा माणसाला इंग्रज मतदार निवडून देतील काय, अशी शंका व्यक्त केली. दादाभाईंच्या विद्वत्तेविषयी त्यांचे म्हणणे काही नव्हते; आक्षेप कातडीच्या रंगावर होता. या उद्गारावर खुद्द इंग्लंडमध्ये टीकेची झोड उठली आणि दादाभाईंचे नाव घरोघरी पोहोचले. १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते निवडून आले. मताधिक्य हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढेच होते, पण लॉर्डसाहेबांच्या शंकेला सामान्य मतदारांनी उत्तर दिले होते. इंग्लंडची ही दोन्ही रूपे ध्यानात ठेवावीत. अपमान करणारा इंग्रज होता आणि त्या अपमानाची लाज वाटणारा माणूसही इंग्रजच होता.

दादाभाईंच्या काळी तेथील भारतीयांची संख्या मूठभर होती. मोठा समाज गेला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटनला कामगार हवे होते. कापडगिरण्या, ओतशाळा, बसगाड्या आणि रुग्णालये यांत माणसे कमी पडत होती. पंजाब, गुजरात, मीरपूर आणि सिल्हेट येथून माणसे गेली. दुसरा प्रवाह पूर्व आफ्रिकेतून आला. १८९६ पासून युगांडा रेल्वेच्या बांधणीसाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तिथेच मृत्युमुखी पडले. बहुतेक जण परतले, काही मागे राहिले, आणि त्यांच्या पाठोपाठ व्यापारी व कारकून गेले. केनिया, युगांडा, टांझानिया स्वतंत्र झाले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी ब्रिटिश नागरिकत्व कायम ठेवले. आपल्या हाती ब्रिटनच्या राणीचे पारपत्र आहे, संकटकाळी ते आपल्याला तारेल, असा त्यांचा विश्वास होता.

हा विश्वास १९६८ साली तुटला. केनियात आफ्रिकीकरणाचे धोरण आले आणि आशियाई माणसे ब्रिटनकडे निघाली. तत्क्षणी ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत कायदा मंजूर केला. ज्याचा जन्म ब्रिटनमधला आहे, किंवा ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा तेथले आहेत, त्यालाच मुक्त प्रवेश; इतरांसाठी वर्षाला केवळ १,५०० परवाने! कायद्यात ‘वर्ण’ हा शब्द कुठेही नव्हता. पण केनियातील गोऱ्या माणसाचा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेला असे आणि आशियाई माणसाचा नसे, हे सर्वांना ठाऊक होते. पारपत्र तेच, राजमुद्रा तीच, तरी एकासाठी दार उघडे आणि दुसऱ्यासाठी बंद. काही कुटुंबे तर एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर चेंडूसारखी टोलवली गेली. पुढे १९७३ साली युरोपीय मानवाधिकार आयोगाने या प्रकरणी असा निष्कर्ष काढला, की वंशावरून केलेला भेदभाव ही माणसाची अवहेलना ठरू शकते. हा कायदा आणला होता मजूर पक्षाच्या सरकारने. समतेच्या घोषणा देणारे हात दार लावण्यातही तितकेच चपळ असतात, हे येथे नोंदवले पाहिजे.

त्याच वर्षी २० एप्रिलला हुजूर पक्षाचे नेते एनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे ते कुप्रसिद्ध भाषण केले. स्थलांतरितांमुळे या देशात रक्तपात होईल, असा त्याचा आशय होता. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना आपल्या छाया मंत्रिमंडळातून काढले. पण लंडनच्या गोदी कामगारांनी पॉवेल यांच्या समर्थनार्थ मोर्चा काढला. गोदीत घाम गाळणाऱ्याला कापडगिरणीत घाम गाळणारा आपला वाटला नाही. एका वर्गाचे म्हणून माणसे आपोआप एक होतात, या पुस्तकी सिद्धान्ताला त्या दिवशी रस्त्यावर उत्तर मिळाले.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाईंना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. दुकाने, मळे, कारखाने, घरे सारे मागे ठेवून माणसे निघाली. सुमारे २८ हजार ब्रिटनमध्ये आली. येथे हीथ यांच्या सरकारला श्रेय दिले पाहिजे. विरोधाची पर्वा न करता त्यांनी या लोकांना आश्रय दिला, आणि जुन्या लष्करी छावण्यांमध्ये त्यांच्यासाठी गरम कपडे व अन्न घेऊन इंग्रज स्वयंसेविका उभ्या राहिल्या. मात्र लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात दिली. तिचा भावार्थ असा : आमच्याकडे घरे नाहीत, शाळांत जागा नाही, तुमच्याच हितासाठी लेस्टरला येऊ नका.

लोक तरीही लेस्टरला गेले, कारण तिथे नातलग होते, काम मिळण्याची आशा होती. २०२१ च्या जनगणनेनुसार त्या शहरात आशियाई वंशाचे नागरिक ४३ टक्क्यांहून अधिक आहेत. बेलग्रेव्ह मार्गावरील दिवाळी पाहायला आज दूरदूरहून माणसे येतात. लेस्टर ईस्ट मतदारसंघातून १९८७ साली कीथ वाझ हे मूळ गोव्याच्या कुटुंबातील गृहस्थ संसदेत गेले. १९२९ नंतर प्रथमच तेथील कनिष्ठ सभागृहात आशियाई वंशाचा सदस्य बसला. ज्या शहराने ‘येऊ नका’ म्हटले, त्याच शहराने पंधरा वर्षांत त्यांना निवडून दिले.

मित्रहो, हे परिवर्तन कोणी दान म्हणून दिले नाही. ते झाले कसे, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

पहिला संघर्ष श्रद्धेचा. वुल्व्हरहॅम्प्टन येथे, म्हणजे पॉवेल यांच्याच गावात, १९६७ साली एका शीख बसचालकाला दाढी आणि पगडी ठेवली म्हणून कामावरून परत पाठवण्यात आले. शीख समाज दोन वर्षे झुंजला. हजारोंचे मोर्चे निघाले. एप्रिल १९६९ मध्ये परिवहन समितीने माघार घेतली. मागणी साधी होती. बस नियमाप्रमाणे चालवू, वेळ पाळू, पण डोक्यावरची पगडी उतरवणार नाही. पुढे १९८३ साली एका शीख विद्यार्थ्याच्या पगडीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च पातळीवर समाजाच्या बाजूने निकाल लागला.

दुसरा संघर्ष श्रमाच्या मोलाचा. १९७४ मध्ये लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर कारखान्यातील आशियाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्याच कामगार संघटनेने पाठ फिरवली. मात्र दोनच वर्षांनी चित्र पालटू लागले. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या ग्रनविक या छायाचित्रे धुणाऱ्या कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या. गुजरातमध्ये जन्मलेल्या, टांझानियातून आलेल्या, जेमतेम पाच फूट उंचीच्या या गृहिणीने व्यवस्थापकाला सुनावले, की हा कारखाना नसून प्राणिसंग्रहालय आहे आणि इथे तुमच्या तालावर नाचणारी माकडे असतील, तसे सिंहही आहेत. साडी आणि त्यावर जाडजूड कोट अशा वेषातल्या स्त्रिया कडाक्याच्या थंडीत फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. १९७७ च्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी हजारो गोरे कामगार आले, दूरच्या खाणींतले खाणकामगारही आले. टपाल कर्मचाऱ्यांनी कारखान्याची टपाले अडवली. जुलै १९७८ मध्ये संप मागे घ्यावा लागला; मागण्या मान्य झाल्या नाहीत. तरीही नऊ वर्षांपूर्वी पॉवेलचा जयजयकार करणारा कामगारवर्ग एका गुजराती भगिनीच्या पाठीशी उभा राहिला, ही त्या पराभवातली कमाई होती.

तिसरा संघर्ष थेट प्राणांचा. सत्तरच्या दशकात आशियाई वस्त्यांत रात्री घराबाहेर पडणे धोक्याचे होते. ‘पाकी’ ही शिवी सर्रास दिली जाई. शिवी देणारा किंवा दगड मारणारा समोरचा माणूस गुजराती हिंदू आहे, शीख आहे की सिल्हेटचा मुसलमान, याची चौकशी करत नसे. जून १९७६ मध्ये साऊथॉल येथे गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या तरुणाची हत्या झाली. मे १९७८ मध्ये पूर्व लंडनमध्ये कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या बांगलादेशी शिवणकामगाराला ठार मारण्यात आले. आज तेथील उद्यानाला त्याचे नाव आहे. चग्गरच्या हत्येनंतर साऊथॉलच्या तरुणांनी वडीलधाऱ्यांना सांगितले, की मान खाली घालून चालण्याचे दिवस संपले. आम्ही इथेच वाढलो, इथेच राहणार. २३ एप्रिल १९७९ रोजी नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्ध साऊथॉलमध्ये निदर्शने झाली, तेव्हा ब्लेअर पीच हा न्यूझीलंडमधून आलेला गोरा शिक्षक मृत्युमुखी पडला. त्याच्यावरचा घातक प्रहार बहुधा पोलिसानेच केला, असे सांगणारा अंतर्गत अहवाल प्रकाशित व्हायला २०१० साल उजाडले. साऊथॉलच्या आशियाई कुटुंबांनी त्याला आपला हुतात्मा मानले.

१९६५, १९६८ आणि १९७६ असे भेदभावविरोधी कायदे होत गेले. कायद्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. घर नाकारणे, नोकरी नाकारणे त्यामुळे गुन्हा किंवा दावा लावण्याजोगी गोष्ट ठरली. पण कायदा दार उघडतो. उंबरठा ओलांडल्यावर आत बसायला पाट मांडायचा की नाही, हे त्या घरातली माणसे ठरवतात. ती माणसे जिंकावी लागतात. ब्रिटनमधील आशियाईंनी ती जिंकली. कोपऱ्यावरचे दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवून, रुग्णालयात रात्रपाळ्या करून, मुलांना शिकवून, आणि हे करताना आपली भाषा, देव, सणवार न टाकता. १९९५ साली लंडनच्या नीस्डेनमध्ये स्वामीनारायण मंदिर उभे राहिले. दगड युरोपातला, कोरीवकाम भारतीय कारागिरांचे, आणि भूमी ब्रिटनची. आपले राखून तिथले होता येते, याची ती खूण आहे.

यशाची यादी मोठी आहे. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबातील ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले. शेजारच्या आयर्लंडमध्ये मालवण तालुक्यातील वराड गावच्या डॉक्टरांचे पुत्र लिओ वराडकर २०१७ साली पंतप्रधान झाले. आपल्याला आनंद झाला आणि तो स्वाभाविक होता. पण शिखरावर कोण बसला यावरून पायथ्याची अवस्था कळत नाही. सुनक पायउतार होऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये, साऊथपोर्ट येथे तीन बालिकांच्या निर्घृण हत्येनंतर पसरलेल्या खोट्या अफवेवरून, इंग्लंडमधील अनेक शहरांत दंगली उसळल्या. मिडल्सबरोमध्ये रस्ते अडवून, मोटारीतली माणसे गोरी आहेत ना, हे विचारले गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. ज्या देशाने वराडच्या पुत्राला पंतप्रधान केले, त्याच देशात हे घडले! देश तुम्हाला आपला मानतो की नाही, हे राजवाड्यात कळत नाही. रात्री अकराच्या बसची वाट पाहणाऱ्या परिचारिकेला ते कळते.

एक बोचरी गोष्टही सांगितली पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये आश्रय मागणाऱ्यांना रवांडा देशात धाडण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा गृहमंत्री होत्या युगांडातून आलेल्या कुटुंबाच्या कन्या प्रीती पटेल. सीमेचे रक्षण हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे आणि अवैध घुसखोरीला आळा घातलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण ‘आम्ही आता इथले झालो’ हे सिद्ध करण्यासाठी मागून येणाऱ्याशी आधीच्यांपेक्षा कठोर व्हावे लागत असेल, तर तो आपलेपणा अजून पक्का झालेला नाही, असेच म्हणावे लागेल.

यातून आपण काय घ्यायचे? परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात. अपमान गिळून मोठ्या पगारात समाधान मानू नका. तक्रार करा, एकत्र या, कायद्याचा आधार घ्या. आणि केवळ आपल्या मंडळात, आपल्या गणेशोत्सवात रमू नका. तेथील शेजाऱ्याच्या सुखदुःखात, नगरपालिकेत, शाळासमितीत सहभागी व्हा. जयाबेनच्या मागे गोरे कामगार आले, कारण त्यांची लढाई प्रत्येक श्रमिकाची लढाई होती.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. २०१४ साली अरुणाचलचा निडो तानिया हा तरुण दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला. त्याच्या दिसण्यावरून, केसांवरून चेष्टा झाली होती. २०२० च्या साथीत ईशान्येकडील विद्यार्थ्यांना आपल्याच शहरांत ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले. तो तर स्थलांतरितही नव्हे. या राष्ट्राचा पुत्र आहे. ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न लंडनमध्ये आपल्या मुलाला बोचतो, तोच प्रश्न आपल्या गल्लीत मणिपूरच्या मुलीला बोचतो. भाड्याने घर देताना, वसतिगृहात शेजारी बसताना, दुकानात बोलताना आपण तिला काय अनुभव देतो? ब्रिटनकडून ज्या आपलेपणाची अपेक्षा आपण करतो, त्याचा हिशेब आधी आपल्या दारात द्यावा लागेल. आज घरी परतताना प्रत्येकाने एवढा विचार करावा, अशी विनंती करून मी माझे बोलणे थांबवतो.