अळी फळात शिरण्याआधी

टोमॅटोला भोक दिसले की आपण पंप पाठीवर घेतो. पण तोवर उशीर झालेला असतो. अळी फळाच्या आत, औषध सालीवर! पैसा जातो, आणि अळीची अंडी फस्त करणारे मित्रकीटक तेवढे मरतात.

हरभऱ्यावरची घाटेअळी तुमच्या ओळखीची आहे ना? तीच ही. तिचा पतंग शेंड्याच्या कोवळ्या पानांवर खसखशीएवढी पिवळसर अंडी एकेक करून घालतो. तीनचार दिवसांत अळी निघते. औषध लागू पडते ते याच वेळी. म्हणून आठवड्यातून दोनदा शेंडे न्याहाळा. अंडी दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. किडकी फळे बांधावर टाकू नका, खोल पुरा.

आणखी एक सोपी युक्ती सांगतो. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावा. झेंडूचे रोप ४० दिवसांचे, टोमॅटोचे २५ दिवसांचे घ्या, म्हणजे दोन्ही बरोबरच फुलतील. पतंग झेंडूकडे ओढला जातो; तिथल्या अळ्या वेचून मारा.

गुरुजी, एकदा मुलांना शेतावर न्या आणि ते अंडे दाखवा. पोरांची नजर तीक्ष्ण असते. अंडे ओळखणारे पोर घरात असले, तर बापाचा औषधाचा खर्च निम्म्याने नाही तरी थोडा खचित वाचेल.