तफावत कुणाच्या नावावर मांडायची?



संयोजकांनी अध्यक्ष म्हणून मला आपल्या हिशेब व परिव्यय व्यवसायाचा आढावा घ्यायला सांगितलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा केला. त्याच सुमारास, १९११ मध्ये, चार्टर हॅरिसन अमेरिकेत प्रमाण परिव्ययाची पद्धत बसवत होते. १९४४ मध्ये आपल्या देशात कॉस्ट अकौंटंटांची संस्था निघाली, १९५९ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. पुढचा इतिहास तुम्ही जाणता. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे आणि ते बोलण्यासाठी मी बरीच वर्षं थांबलो आहे.

आपले साखर कारखाने हंगामाआधी अंदाजपत्रक मंजूर करतात आणि हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष खर्च त्याच आकड्यांशी ताडून पाहतात. गाळप ठरल्याएवढं झालं का, हे त्या तक्त्यात कुणी विचारातच घेत नाही. उदाहरण घेऊ. सहा लाख टन गाळप धरलं. ऊस सोडून प्रक्रियेचा स्थिर खर्च १८ कोटी, बदलता खर्च टनाला २५० रुपये म्हणजे १५ कोटी, एकूण ३३ कोटी. गाळप झालं साडेचार लाख टन, खर्च आला ३१ कोटी. सभेत सांगितलं जातं, दोन कोटी वाचवले! साडेचार लाख टनांना अंदाजपत्रक बसवून पाहा: १८ अधिक सव्वाअकरा, म्हणजे सव्वाएकोणतीस कोटी. पावणेदोन कोटी जादा गेले आहेत. ज्यावर टाळ्या पडल्या ती उधळपट्टी होती. शिवाय स्थिर खर्चाचा टनामागचा बोजा ३०० वरून ४०० रुपयांवर गेला. तो ऊस न मिळाल्यामुळे. त्याचा जाब मिल हाउसला विचारून काय मिळणार?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांत ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. त्या हंगामात मी आपल्याच भागातल्या एका कारखान्याच्या आढावा बैठकीला हजर होतो. ऊस तुटक येत होता, मिल थांबत होती आणि प्रत्येक थांब्याला बॉयलर मात्र तापता ठेवावा लागत होता. बगॅस पुरला नाही, सरपण विकत घ्यावं लागलं. अंदाजपत्रकात सरपणाला तरतूद नव्हती, म्हणून बॉयलरच्या प्रमुखाची वेतनवाढ रोखली. त्याच तक्त्यात चुना आणि गंधक यांचा एकूण खर्च तरतुदीच्या आत दिसत होता. टनामागचा खप वाढला होता, त्यातला चिखलामुळे किती आणि हलगर्जीपणामुळे किती, हे कुणी तपासलं नाही. मी सगळा हिशेब प्रत्यक्ष गाळपावर मांडून पुढे ठेवला. उत्तर मिळालं, ‘हंगाम संपला, आता त्याचं काय?’ त्या माणसाची वेतनवाढ परत आली नाही. आपल्याच व्यवसायातल्या लोकांनी बनवलेल्या तक्त्यामुळे ती गेली, हे मी विसरू शकत नाही.

सकाळच्या सत्रात वाद रंगला की अंदाजपत्रक गाळलेल्या टनावर बदलावं की तयार साखरेच्या क्विंटलवर. मी उमेदवारी करत असताना एका जुन्या मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टने मला क्लॅरिफायरपाशी उभं करून सांगितलं होतं, ‘साखरेचा उतारा घसरला म्हणून माझा चुना कमी लागत नाही. रस तेवढाच येतो. कमी लागतात ती पोती.’ माझ्या दृष्टीने वाद तिथेच मिटतो. चुना, गंधक, वाफ टनावर. पोती, शिलाई, गोदामातली हमाली क्विंटलवर. हंगामी कामगारांचा बंद काळातला रिटेन्शन अलाउन्स दोन्हींवर नाही. एकच माप सगळीकडे लावण्याचा हट्ट सोडा. आणि बी-हेवी मळी इथेनॉलला वळवली असेल, तर तिच्यातली साखर हिशेबात धरल्याशिवाय उताऱ्याची तुलना मांडूच नका.

प्रत्यक्ष गाळपाप्रमाणे बदलणाऱ्या, म्हणजे लवचिक, अंदाजपत्रकाने खात्यांना पळवाट मिळते, असंही एक मित्र म्हणाले. मघाच्या उदाहरणातले पावणेदोन कोटी कुठल्या अंदाजपत्रकाने झाकले, ते त्यांनीच पाहावं. आणि न बदलणारं अंदाजपत्रक हंगामाच्या मध्येच कसं निरर्थक होतं, तेही पाहा. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली आणि आठवडाभराने ती उठवून त्या जागी मर्यादा घातली. तेव्हा हंगाम चालू होता. सभेत मंजूर झालेल्या आकड्यांना त्यानंतर कोणता अर्थ उरला होता?

उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, दिल्लीत ठरतो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला, तोही दिल्लीतच ठरला. या दोहोंच्या मधला प्रक्रिया खर्च तेवढा आपल्या हातात आहे. पुराच्या पाण्यातून वाचलेला ऊस गाडीत भरून देणाऱ्या सभासदाला या खर्चाचा खरा हिशेब द्यायला आपण बांधील आहोत.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या कारखान्यांसाठी अशा लवचिक अंदाजपत्रकाचा एक समान तक्ता करावा, असं माझ्या मनात आहे. शिवाजी विद्यापीठातल्या वाणिज्याच्या अध्यापकांना आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधल्या तंत्रज्ञांना त्यात घ्यावं लागेल. समिती कोणाची, खर्च कोणाचा, हे अजून ठरायचं आहे. ज्यांनी मागच्या हंगामाचे खातेवार आकडे आणले असतील त्यांनी जेवणानंतर थांबावं. पहिला तक्ता आजच मांडायला घेऊ.