बंदिवानाचे मूल आणि शिक्षक



गावात पोलिसांची गाडी येऊन जाते, तेव्हा तिच्यामागे पुष्कळदा एक मूल उरते. दुसऱ्या दिवशी ते शाळेत येते, त्याच्या आधीच त्याच्या बापाची वार्ता वर्गात पोहोचलेली असते. शेजारचा मुलगा किंचित सरकून बसतो. सारा वर्ग गुरुजींच्या मुद्रेकडे पाहत असतो. पुढे त्या मुलाशी कसे वागावयाचे, हे वर्ग त्या मुद्रेवरूनच ठरवितो.

मराठवाड्याला तुरुंग अपरिचित नाही. १९३८ चा सत्याग्रह व १९४७-४८ चा मुक्तिसंग्राम यांत येथील अनेक घरांतील कर्ते पुरुष निजामाच्या कारागृहात होते. त्यांच्या मुलांच्या वाट्याला अभिमान आला. चोरीचा वा मारामारीचा आरोप असलेल्या बापाच्या मुलाच्या वाट्याला लाज येते. वियोग मात्र दोघांचा सारखाच.

ऑक्टोबर १९३० ते ऑगस्ट १९३३ या काळात पंडित जवाहरलाल नेहरूंनी बहुतांशी तुरुंगातून आपल्या कन्येस जगाचा इतिहास सांगणारी पत्रे लिहिली. १९३१ पासून ती पुण्याच्या एका शाळेत शिकत होती. वडिलांचा शब्द आणि शाळेचा नित्यक्रम, असे दोन आधार तिला होते. खेड्यातील मुलास यांतील कोणता आधार देता येईल, एवढाच शिक्षकापुढील प्रश्न आहे.

नित्यक्रमाचा आधार सर्वस्वी शिक्षकाच्या हाती आहे. मुलाची जागा बदलू नये. फळा पुसण्याचे, पाणी भरण्याचे त्याचे काम काढून घेऊ नये. गुन्ह्याविषयी त्यास विचारू नये. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील दर १०० बंद्यांपैकी सुमारे ७६ जणांचे खटले निकालात निघावयाचे होते; जो निवाडा न्यायालयाने दिलेला नाही, तो शाळेने का द्यावा? मुलास बापावरून हिणविणे हा मानसिक छळच होय, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्यास मनाई केली आहे.

आठवड्यातून एक दिवस, शाळा सुटल्यावर अर्धा तास, शिक्षकाने त्या मुलासाठी राखावा. गणित करावे, पुस्तक वाचावे. मूल बोलले तर ऐकावे. ‘बाबा लवकर सुटतील’ असे आश्वासन मात्र देऊ नये. एक मोठे माणूस त्याच्या आयुष्यातून अचानक नाहीसे झाले आहे. शनिवार ठरवून शिक्षकच आला नाही, तर ती जखम पुन्हा उघडते. बदली झाल्यास आधी सांगावे आणि मुलाचा हात दुसऱ्या शिक्षकाच्या हाती देऊन मगच जावे.

वडिलांच्या शब्दाचा आधार थोडा अवघड, पण अशक्य नाही. घरी आजीस अक्षरओळख नसते. हर्सूल कारागृहापर्यंतचे एसटीचे भाडेही जड जाते. आई अथवा आजीची संमती असल्यास मुलाला पत्र लिहावयास साहाय्य करावे. पत्रात काय लिहावे, हे मुलाने ठरवावे. शिक्षकाने फक्त पत्ता तपासावा.

कमावता हात गेला की दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर मूलही निघते. म्हणून आश्विन संपण्यापूर्वीच शिक्षकाने घरी जावे, हंगामी वसतिगृहाची माहिती द्यावी. बालसंगोपन योजनेचे साहाय्य मिळू शकेल काय, याची जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे चौकशी करावी. मुलास मारहाण वा उपासमार होत असल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. हे सारे घरी, एकांतात बोलावे. पालकसभेत त्याचा उच्चार नको.

पुढे कधी तरी बाप सुटून येईल आणि संकोचाने शाळेच्या फाटकाशी उभा राहील. तेव्हा गुरुजींनी त्यास आत बोलवावे, बसावयास सांगावे आणि मुलाची वही त्याच्या हाती द्यावी. त्या वहीत एकही आठवडा कोरा नसावा.